तलाव 'फुटला' लिहिणाऱ्याला जाब कुठे विचारायचा?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांनाही कळावा म्हणून थोडक्यात पुन्हा मांडतो. पूर्व नागपुरात, नाग नदीच्या काठाला तुमचं घर. शनिवारी रात्री पाऊस कोसळत असताना एका वृत्तवाहिनीच्या खालच्या पट्टीत 'तलाव फुटला' असं आलं. गल्लीतली माणसं अंधारात लेकरं, कागदपत्रं, गॅसचं पुस्तक घेऊन पळाली. त्या धांदलीत तुमच्या सासूबाई जिन्यावरून पडल्या आणि मनगट मोडलं. सकाळी कळलं, तलाव फुटला नव्हताच. सांडव्यावरून पाणी पडत होतं. पट्टी पाऊण तासानं निघाली, पण 'आमचं चुकलं' असं कुणी म्हटलं नाही. तुम्ही विचारता, यांना कुणी जाब विचारतं का? पोलिसात जावं का? की पाणी ओसरलं की सगळं माफ?

मी नागपुरात ३१ वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. शेवटची पाच वर्षं वाचकांच्या तक्रारी मीच पाहत होतो. त्या अनुभवावरून उत्तर आधी देतो, कारणं मागून सांगतो. जाब विचारता येतो. वाहिनीकडे तक्रार करायला सात दिवसांची मुदत असते आणि तुमचे त्यातले चार गेले आहेत. पोलिसांचा रस्ताही आहे, पण तो पहिला धरू नका असं मी सांगेन. का, ते पुढे येईलच.

आधी 'फुटला' या शब्दापाशी थांबू, कारण तुमची तक्रार त्याच्यावरच उभी राहणार आहे. मातीच्या बांधाच्या तलावाला सांडवा ठेवतात तो जादा पाणी ठरलेल्या जागेवरून निघून जावं म्हणून. सांडव्यावरून पाणी पडतं आहे याचा अर्थ तलाव भरला. बांध फुटणं म्हणजे साठलेलं सगळं पाणी एकदम मोकळं होणं. पहिल्या प्रसंगात सामान माळ्यावर टाकायचं, मेन स्विच बंद करायचं, म्हाताऱ्यांना वरच्या मजल्यावर न्यायचं. दुसऱ्यात काहीही हातात न घेता उंचावर धावायचं. पट्टी लिहिणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटलं असेल. पाणी बाहेर आलं, म्हणजे फुटला. पण तुमच्या सासूबाई त्या वेळी वरच्या मजल्यावर होत्या. जे पाणी खरोखर येत होतं त्याच्यासाठी ती जागा बरोबर होती. त्या एका शब्दानं त्यांना जिना उतरायला लावला. तक्रारीत हे असंच्या असं लिहा.

नागपूरकरांना हा फरक समजावून सांगायची गरज पडू नये, इतकं आपण भोगलं आहे. २०२३ च्या २२ आणि २३ सप्टेंबरच्या मधली रात्र. पहाटे साडेपाचपर्यंत विमानतळावर १०६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. शहरातला अंबाझरी तलाव सांडव्यावरून ओसंडला, नाग नदी पात्र सोडून अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत शिरली, मोरभवन बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. माणसं दगावली, हजारो घरांत चिखल झाला. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, तरी पहाटेपासून फोन येत होते. निम्म्यांचा प्रश्न एकच होता: 'सर, अंबाझरी फुटला का?' विचारणाऱ्यांत दोन जण बातमीदार होते. मी त्यांना म्हटलं, मला विचारू नका, बांधावर जो उभा आहे त्याला विचारा.

त्याच रात्रीनं आणखी एक शब्द दिला, 'ढगफुटी'. दुसऱ्या दिवशी कितीतरी ठिकाणी तो मथळ्यात होता. हवामान खात्याच्या हिशेबानं साधारण वीस-तीस चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला तर ती ढगफुटी. आपल्याकडचा १०६ चा आकडा काही तासांचा होता. चोवीस तासांच्या मापानं पाहिलं तर ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे 'जोरदार', २०४.४ पर्यंत 'अति जोरदार' आणि त्यापुढचा 'अत्यंत जोरदार'. म्हणजे १०६ हा पहिल्याच पायरीवर बसतो. पण तेवढंच छापलं तरी ते अपुरं ठरतं, कारण दिवसभराचा पाऊस काही तासांत पडला तर नाल्यांवर त्याचा भार निराळाच पडतो. बातमी लिहिणाऱ्यानं दोनच गोष्टी सांगायच्या असतात, किती पडला आणि किती वेळात पडला. 'ढगफुटी' म्हटलं की या दोन्ही गोष्टी सांगण्यातून सुटका होते.

मला या शब्दाचा राग यायचं खरं कारण वेगळं आहे. ढग फुटला म्हटलं की दोष आभाळाचा. मग सांडव्यासमोर बांधकाम का झालं, नदीचं पात्र अरुंद कुणी केलं, नाल्यांतला गाळ पावसाळ्याआधी निघाला होता का, हे प्रश्न बातमीच्या तळाला जातात. हेच प्रश्न पुढे रहिवाशांना जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात न्यावे लागले. हल्ली 'ढगफुटीसदृश पाऊस' असंही लिहितात. 'सदृश' जोडला की उद्या कुणी व्याख्या दाखवली तरी 'आम्ही तसं म्हटलंच नव्हतं' म्हणायची सोय होते. डेस्कवर असताना मी हा शब्द दिसला की काढायचो. पुढच्या पानावर, दुसऱ्या आवृत्तीत तो परत यायचा.

म्हणून मी चुकीच्या बातमीचं नुकसान दोन ठिकाणी मोजतो. एक त्या रात्री होतं, तुमच्या सासूबाईंना झालं तसं. दुसरं पुढच्या महिन्यात होतं. पूर ओसरल्यावर पंचनामे सुरू होतात. २०२३ ला घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना १०,००० रुपयांची मदत जाहीर झाली होती. कुठल्या वस्तीत तलाठी आधी पोचतो, कुठे मंत्र्यांची गाडी थांबते, यावर त्या आठवड्यातल्या बातम्यांचा परिणाम होतो हे मी जवळून पाहिलं आहे. कॅमेरा जिथे गेला ती वस्ती बुडाली आणि जिथे गेला नाही तिथे काही झालंच नाही, असं चित्र तयार होतं. न आलेल्या बातमीबद्दल कुणी तक्रार करत नाही. माझ्या मते तीही करायला हवी.

आता एक गोष्ट सांगतो. ती आजही सुखानं सांगता येत नाही. सगळ्यांच्या हाती मोबाइल यायच्या आधीचा काळ. विदर्भातल्या एका नदीला पूर आला, काही माणसं वाहून गेली. रात्री साडेबाराला माझ्या टेबलावर दोन याद्या होत्या. एक तालुक्याच्या वार्ताहरानं गावात फिरून फोनवर सांगितलेली, दुसरी दुसऱ्या वार्ताहरानं रुग्णालयात जाऊन आणलेली. मी दोन्ही जोडल्या. गावाच्या यादीत एका माणसाचं घरी हाक मारायचं नाव होतं, रुग्णालयाच्या यादीत त्याचंच कागदावरचं नाव. एक मृतदेह दोनदा मोजला गेला. एवढ्यावर भागलं असतं तर आकड्याची चूक म्हणून खपलं असतं. पण गावाच्या यादीत एक नाव अशा माणसाचं होतं, जो सापडत नव्हता. 'सापडत नाही' हे शब्द फोनवर सांगताना आणि लिहून घेताना कुठेतरी गळाले. मी पान छपाईला सोडलं. सकाळी त्याचं नाव मृतांत छापून आलं.

चौथ्या दिवशी तो माणूस आमच्या ऑफिसात आला. झाडावर रात्र काढून तो पलीकडच्या काठच्या गावाला लागला होता. खिशातून घडी केलेलं कात्रण काढून त्यानं माझ्या टेबलावर ठेवलं आणि हातानं सपाट केलं. म्हणाला, 'साहेब, मी जित्ता हाव. माह्या मायनं दोन दिवस अन्न घेतलं नाही.' आवाज चढवला नाही. पाणी दिलं ते प्यायला. मग विचारलं, 'आता मी जित्ता हाव हे कोन्त्या पानावर येईन?'

ते आतल्या पानावर आलं, चार ओळींत, 'चूकभूल' म्हणून. पहिल्या पानासाठी मी भांडलो नाही. पत्राची लाज जाईल असं सगळ्यांना वाटत होतं, मलाही वाटत होतं. त्यानंतर इतकी वर्षं मी ज्या एका नियमासाठी भांडलो तो त्या माणसाच्या प्रश्नातून आलेला आहे. चूक ज्या पानावर झाली त्याच पानावर, तेवढ्याच ठसठशीत अक्षरात दुरुस्ती आली पाहिजे. टीव्हीवर असेल तर त्याच पट्टीत आणि निदान तितकाच वेळ. मोबाइलवरच्या बातमीत असेल तर गुपचूप मजकूर बदलायचा नाही, वर लिहायचं की आधी आम्ही असं म्हटलं होतं, ते चूक होतं. तुम्हीही हेच मागायचं आहे.

आकड्यांच्या बाबतीत वार्ताहरालाच धोपटून चालत नाही. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीनं नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये २०४ जीव घेतले. एवढ्या मोठ्या आपत्तीत पहिल्या दिवशी खरा आकडा कुणाजवळच नसतो. पोलीस सापडलेले मृतदेह मोजतात, महसूलवाले बेपत्ता माणसंही धरतात, गाव आपल्या ओळखीची माणसं मोजतं. तिघंही आपापल्या जागी खरं सांगत असतात. बातमीत आकड्यासोबत कुणी मोजला, काय मोजलं आणि किती वाजेपर्यंतचा हिशेब आहे, हे तीन तुकडे असले की दुसऱ्या दिवशी आकडा बदलला तरी आदल्या दिवशीची बातमी खोटी ठरत नाही. 'रात्री ११.४० पर्यंत पोलिसांच्या नोंदीनुसार' हे पाच शब्द लिहायला दहा सेकंद लागतात. मी नव्या पोरांकडून ते घोटून घ्यायचो. काही जण कंटाळायचे.

मापांचाही असाच घोळ. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणातून विसर्ग सुटला की आपल्याकडे आकडा बहुतेक वेळा क्युमेकमध्ये येतो, म्हणजे सेकंदाला इतके घनमीटर. पश्चिम महाराष्ट्रातल्या बातम्या वाचलेल्यांना सवय क्युसेकची, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. कुणी एक अक्षर बदलून लिहिलं की खाली वैनगंगेच्या काठावरच्या माणसाला पाणी पस्तीसपट कमी किंवा पस्तीसपट जास्त दिसतं. अशी चूक मी छपाईला जाता जाता दोनदा पकडली आहे. न पकडलेल्या किती गेल्या असतील, ते आठवून अस्वस्थ होतो.

आणि ३० मे २०२४ तर सगळ्यांना आठवत असेल. रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश दिसले. जगातलं नोंदलेलं सर्वाधिक तापमान ५६.७ अंश, १९१३ मध्ये अमेरिकेच्या डेथ व्हॅलीतलं. म्हणजे आपण जागतिक विक्रमाच्या उंबरठ्यावर! आकडा यंत्रातून थेट आलेला, म्हणून कुणाला शंका आली नाही. त्याच दिवशी शहराच्या आसपासच्या दुसऱ्या दोन स्वयंचलित केंद्रांवर ४४ च्या आसपास तापमान होतं. शेजारची दोन केंद्रं बारा अंश खाली असतील तर पहिला संशय यंत्रावर घ्यायचा, ही साधी गोष्ट. सोनेगावला प्रादेशिक हवामान केंद्र आहे, फोन केला असता तर उलगडा झाला असता. हवामान खात्यानं नंतर संवेदक बिघडल्याचं जाहीर केलं. पण तोवर ५६ देशभर फिरला होता. कुणी मेलं नाही, मग काय बिघडलं, असं मला एका तरुण संपादकानं विचारलं. बिघडलं ते असं: पुढच्या उन्हाळ्यात खराखुरा लाल इशारा आला तेव्हा आमच्या चौकातला रसवंतीवाला म्हणाला, 'मागच्या सालीही ५६ सांगत होते.' तो दुपारभर उन्हात उभा राहिला. उष्माघातापासून वाचवणारं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे वेळेवर ऐकलेला इशारा, आणि त्याच्यावरचा विश्वास आम्ही खर्च करून टाकला.

आता दुसरी बाजू. अफवा रिकाम्या जागेत वाढते आणि ती जागा पुष्कळदा सरकारी मौनानं तयार होते. तुमच्या त्या रात्री नियंत्रण कक्षाचा फोन किती वेळ व्यस्त होता? बांधावरच्या कुणी दर अर्ध्या तासाला 'बांध सुरक्षित आहे, पाणी सांडव्यावरून इतकं पडतं आहे' असं सांगितलं असतं तर ती पट्टी तशी गेली असती का? ३१ मार्च २०२० ला, टाळेबंदीत मजूर गावाकडे निघाले तेव्हा, सर्वोच्च न्यायालयानं माध्यमांना घडामोडींबाबतची अधिकृत माहिती लक्षात घेऊन छापायला सांगितलं. मोकळ्या चर्चेत आम्ही हात घालत नाही, असंही म्हटलं. सरकारनं तेव्हा रोज बुलेटिन काढायचं कबूल केलं होतं. बुलेटिन असेल तर ते छापता येतं. नसेल तर बातमीदार ज्याचा फोन लागतो त्याला विचारतो.

अधिकारी बोलला म्हणजे खरंच असतं, असंही नाही. अमेरिकेत २००५ मध्ये कतरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स बुडालं, हजारो लोक सुपरडोम या स्टेडियमात आसऱ्याला गेले. तिथे खून, लहान मुलांवर अत्याचार होताहेत असं शहराचे महापौर आणि पोलीसप्रमुख टीव्हीवर सांगत होते. वाहिन्यांनी ते जगभर दाखवलं. आत उपाशी-तहानलेली माणसं होती, त्यात काळ्या माणसांची संख्या मोठी, आणि मदतीला जाणारे लोक हत्यारं सावरत गेले. महिनाभरानं तिथल्याच द टाइम्स-पिकायून या वर्तमानपत्रानं शोध घेऊन छापलं की सुपरडोममध्ये सहा मृत्यू झाले होते: चार नैसर्गिक, एक अमली पदार्थानं, एक आत्महत्या. आपल्या आधीच्या बातम्यांसकट सगळं तपासून त्यांनी ते पहिल्या पानावर आणलं. जबाबदारी घेणं कसं असतं याचं दुसरं इतकं स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आता कायदा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५, कलम ५४: आपत्तीबद्दल किंवा तिच्या तीव्रतेबद्दल खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. वाचायला तुमच्या प्रकरणाला चपखल. पण कलम ६० प्रमाणे न्यायालय त्याची दखल घेतं ते सरकारी प्राधिकरणानं तक्रार केली तर, किंवा तुम्ही निदान ३० दिवसांची नोटीस देऊन मग तक्रार केली तर. घबराट पसरवणाऱ्या विधानांबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ ही आहे, जुन्या दंड संहितेतल्या ५०५ च्या जागी आलेलं. त्यात खरं मानायला सबळ कारण असेल आणि हेतू प्रामाणिक असेल तर गुन्हा होत नाही, असा अपवाद आहे. तो अपवाद असलाच पाहिजे. नाहीतर 'बांधाला चीर दिसते' अशी खरी, वेळेवरची बातमी द्यायला कुणी धजावणार नाही.

म्हणूनच पोलिसांचा रस्ता आधी नको म्हणतो. गुन्हा दाखल झाला की पकडला जातो तो महिन्याला काही हजारांवर काम करणारा वार्ताहर, पट्टीला मंजुरी देणारा वर बसलेला माणूस सुटतो. आणि हीच कलमं उद्या 'नाला साफ झाला नव्हता' असं लिहिणाऱ्यावर लावायला अधिकाऱ्यांना मोह होतो. खोटा व्हिडिओ जाणूनबुजून बनवला, जुन्या पुराचं चित्रण आजचं म्हणून पैशासाठी फिरवलं, असं असेल तर मात्र सायबर पोलिसात जरूर जा. तिथे माझी काही हरकत नाही.

वर्तमानपत्राची चूक असती तर आधी संपादकाला पत्र, आणि समाधान झालं नाही तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार. दैनिक-साप्ताहिकासाठी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत. परिषद १९७८ च्या कायद्यानुसार समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते, चौकशीचा तपशील छापायला लावू शकते. दंड करू शकत नाही. 'दात नाहीत' म्हणून तिला नावं ठेवतात, मीही ठेवली आहेत. पण आमच्या टेबलावर परिषदेचं पत्र आलं की व्यवस्थापनापासून उपसंपादकापर्यंत सगळे ती जुनी बातमी काढून पुन्हा वाचायचे. एरवी ती कुणी वाचली नसती. बातम्यांचं संकेतस्थळ असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यांचा तक्रार अधिकारी असायला हवा. त्याला लिहा. गल्लीतलं केबल चॅनेल असेल तर केबल कायद्याखालचे अधिकृत अधिकारी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त असतात.

तुमचं प्रकरण वृत्तवाहिनीचं. वाहिनी एनबीडीएसए या वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेच्या कक्षेत येत असेल तर पहिल्यांदा दाखवल्यापासून सात दिवसांत वाहिनीकडेच तक्रार करायची. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर १४ दिवसांच्या आत त्या संस्थेकडे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या संस्थेच्या एक लाखाच्या दंडाला अपुरा म्हटलं होतं, ते योग्यच होतं. वाहिनी तिची सदस्य नसेल तर ती कुठल्या संस्थेत आहे ते तिच्या संकेतस्थळावर पाहा. कुठेच नसेल तर माहिती व प्रसारण मंत्रालय. वाहिन्यांना प्रसारणाचं ध्वनिचित्रण ९० दिवस जपून ठेवावं लागतं, म्हणून 'आमच्याकडे आता नाही' हे उत्तर मान्य करू नका.

आज काय करायचं ते सांगतो. शेजारी-पाजारी विचारा, कुणीतरी त्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढलाच असेल. त्या रात्री नातेवाइकांना पाठवलेले संदेशही चालतील, त्यावर वेळ असते. सासूबाईंच्या मनगटाचा एक्स-रे आणि केसपेपर, त्यावरची तारीख-वेळ. गल्लीतल्या दोघा-तिघांची सही. तलाव ज्या खात्याच्या ताब्यात आहे तिथे माहिती अधिकाराचा अर्ज: त्या रात्री बांधावर कोण होतं, दर तासाला पाण्याची पातळी किती होती, वाहिनीनं विचारणा केली होती का. त्याचं उत्तर यायला महिना लागू शकतो, त्याची वाट पाहत तक्रार अडवू नका. ते नंतर जोडता येतं.

तक्रारीत राग आला तरी शिव्याशाप नकोत, नुकसानभरपाईची रक्कम नको, सगळ्या माध्यमांबद्दलचं मत नको. मीच वर्षानुवर्षं अशी पत्रं वाचली आहेत. लांब पत्रात उत्तर देणाऱ्याला निसटायला जागा सापडते. एका पानात बसवा. मी मसुदा देतो, तारीख-वेळ आणि तलावाचं नाव तुम्ही घाला:

'आपल्या वाहिनीवर शनिवारी रात्री अमुक वाजून अमुक मिनिटांपासून अमुक वाजेपर्यंत "तलाव फुटला" ही पट्टी चालली. तलावाचा बांध फुटला नव्हता, सांडव्यावरून पाणी जात होतं. या पट्टीमुळे आमच्या वस्तीत पळापळ झाली आणि माझ्या सासूबाई, वय अमुक, सुरक्षित असलेल्या वरच्या मजल्यावरून उतरताना पडून जखमी झाल्या. कागद सोबत आहेत. पट्टी काढली, पण चूक सांगितली नाही. त्यामुळे तलाव फुटला नव्हता हे वस्तीतल्या अनेकांना आपल्या वाहिनीकडून आजही कळलेलं नाही. माझ्या मागण्या दोन. एक, ही माहिती आपल्याला कुणी दिली आणि बांधावर किंवा नियंत्रण कक्षात कुणाकडून पडताळली, ते लेखी कळवावं. दोन, त्याच पट्टीत, रात्रीच्या त्याच वेळी, तितकीच मिनिटं "शनिवारी आम्ही तलाव फुटल्याचे दाखवले, ते चुकीचे होते" असं दाखवावं.'

मेल तक्रार अधिकाऱ्याला पाठवा, आणि तेच पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टानंही टाका. शनिवारपर्यंत थांबू नका, दोन्ही आजच करा. वाहिनीचं उत्तर आलं की मला दाखवा. पुढच्या टप्प्याचा अर्ज लिहायला मी तुमच्यासोबत बसेन.